बुधवारची सुट्टी

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. तळवा वर बघत होता आणि बोटं दुसऱ्या पायाकडे. उटनूरच्या दवाखान्यातल्या नर्सनं तिला पुसून माझ्या कुशीत ठेवलं आणि दुपटं बाजूला करून मला तो पाय दाखवला. लपवलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं. "आदिलाबादले हाडाचे डॉक्टर येते," ती म्हणाली. "लवकर न्या. हाड कवळं हाय तोवर."

माझ्या सासूबाई खाटेजवळ उभ्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण-वेचणी केलेली बाई. त्यांनी तो पाय दोन बोटांत धरून हलकेच सरळ करून बघितला, तो पुन्हा आत वळला.

"मालिशनं होईन का?"

नर्सनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग डॉक्टरकडेच नेऊ," आत्याबाई म्हणाल्या. तेवढ्यावर आमचं ठरलं. गावात नंतर कुणी ग्रहणाचं बोललं, कुणी अंगारा सुचवला. आत्याबाई सगळ्यांना ऐकून घ्यायच्या आणि बुधवारी सकाळी पोरीला कपड्यात गुंडाळून माझ्या आधी दारात तयार असायच्या.

बुधवार यासाठी, की ते डॉक्टर आठवड्यातून त्याच दिवशी आदिलाबादला येत. नागपूरहून यायचे, एका धर्मादाय दवाखान्यात दुपारपर्यंत बसायचे आणि परत जायचे. कमी बोलणारे, बारीक अंगाचे गृहस्थ. पहिल्या भेटीत त्यांनी पाय हळूहळू बाहेर वळवला, पोर किंचाळली, आणि तो तसाच धरून ठेवून त्यांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं.

"दर बुधवारी हे बदलायचं. प्रत्येक वेळी मी थोडा अजून वळवणार."

"किती बुधवार, डॉक्टर?"

"ते मोजत बसू नका. एवढं ध्यानात ठेवा, एक बुधवार चुकला की पाय दोन बुधवार मागं जातो."

बाळंतपणाची रजा होती तोवर अडचण आली नाही. रजा संपली आणि खरा पेच सुरू झाला.

नार्नूरच्या रस्त्याला एका गावात मी मराठी शाळेची बाई होते. एक खोली, पुढं ओटा, पहिली ते पाचवीचे वर्ग आणि शिकवणारी मी एकटी. मी नाही आले तर शाळेला कुलूप. आदिलाबादला जायची लाल बस फाट्यावरून भल्या सकाळी निघायची, उटनूर, इंद्रवेल्ली करत दवाखान्याच्या वेळेला पोचायची आणि संध्याकाळी दिवेलागणीला परत आणून सोडायची. म्हणजे आख्खा दिवस गेला. आणि वर्षाच्या किरकोळ रजा अशा दर आठवड्याला घेतल्या तर हिवाळ्यातच संपणार होत्या.

माझे मालक भैंशाला जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजून घ्यायचं काम. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिन रात्रंदिवस चालते, त्या दिवसांत काट्यावरच्या माणसाला सुट्टी मागायची सोय नसते. तरी त्यांनी एकदा जमवलं. रात्रपाळी संपवून निर्मलमार्गे आदिलाबादला आले, दवाखान्यात पोरीला मांडीवर धरून बसले. डोळे लाल, केसांत कापसाचा तूस. प्लास्टर वाळेपर्यंत थांबले आणि पुढच्या पाळीला पोचायला निघून गेले. त्या आठवड्यात जिनच्या शेठनं त्यांना सांगितलं, पुन्हा असं केलं तर काट्यावर दुसरा बसेल. मी त्यांना निरोप धाडला की तुम्ही येऊ नका, इकडचं मी बघते. बघते म्हणजे काय करते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एका बुधवारी आत्याबाई एकट्याच गेल्या. "मी नेतो लेकराले, तू शाळा कर," म्हणाल्या. पोर अंगावर पीत होती. दिवसभर बाटलीला तोंड लावेना. संध्याकाळी फाट्यावर मी उभी होते, बसमधून उतरल्या तर पोरीचा आवाज बसलेला आणि आत्याबाईंचा चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी सांगून पाठवलं होतं, रोज करायचा व्यायाम आईला शिकवायचा आहे, आईनंच यायचं.

त्या दिवशी शाळेत उभी राहून मी जो विचार करत होते, तो मला आजही आठवतो. माझ्यापुढं किती पोरं बसली होती? सहा. पटावर तीसच्या वर. आणि हे दर बुधवारचंच होतं, कारण शेजारच्या मोठ्या गावचा बाजार बुधवारी भरायचा. मायबाप बाजाराला, थोरली पोरं त्यांच्यासोबत ओझं धरायला, आणि उरलेली घरी धाकट्यांना सांभाळायला. चार वर्षं मी बुधवारी पाच-सहा पोरांना गोष्टी सांगून दिवस काढत होते. आणि रविवारी शाळा बंद असायची तेव्हा तीच पोरं शाळेच्या ओट्यावर गोट्या खेळत असायची.

सुट्टी बुधवारी द्यायची आणि शाळा रविवारी भरवायची. एवढी साधी गोष्ट. सुचल्यावर मला इतकं हलकं वाटलं की त्याच आठवड्यात मी मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या तालुक्याच्या, शिक्षणाधिकाऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले.

ते तेलुगू बोलणारे, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. आमच्यात हिंदी चालायची, त्यांची तेलुगूच्या वळणाची आणि माझी मराठीच्या.

"मेडम, संडे को स्कूल? सारे राज में छुट्टी, और आप की अलग?"

"बुधवार को बच्चे नहीं आते, सर. बाजार रहता. आप आके देखो."

"तो बुलाओ उन को. वो आप का काम है."

"चार साल से बुला रही. सर, मेरी बच्ची का पाँव है. बुधवार को ही डॉक्टर आता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, बिनपगारी रजा घ्या, नाही तर बदलीची दरखास्त द्या, मी वर पाठवतो. बदली झाली असती तर जिथं गेले असते तिथंही बुधवार हा बुधवारच असता, आणि रजेवर गेले असते तर गावच्या पोरांची शाळा बुडाली असती. मी म्हटलं, "नको सर. मैं गाँव को पूछती हूँ."

गावाची बैठक मी शाळेच्या ओट्यावर बोलावली. आम्ही बौद्ध. एका पिढीआधी आमच्या दोन्ही घरची माणसं अशाच गावांत सालदारकी करत होती, आणि पगार घेणारी घरातली पहिली मी. गावानं मला कधी दुखावलं नव्हतं. राहायला खोली दिली होती, ती शाळेच्या मागं, वस्तीपासून जरा दूर. बैठक मारुतीच्या पारावर घेतली असती तरी कदाचित कुणी काही म्हटलं नसतं. पण पोरीचा पाय मला त्या 'कदाचित'वर टाकायचा नव्हता. शाळेच्या ओट्यावर मी बाई होते.

पाटील आले, पंधरा-वीस कास्तकार आले, बाया मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी बाजाराचं सांगितलं, पोरांच्या हजेरीचं सांगितलं. वरच्या आळीचे एक मोठे कास्तकार, कापसाचं सगळ्यात जास्त रान त्यांचं, ते मध्येच बोलले.

"बाई, सरळ सांगा नं. तुमच्या पोरीच्या दवाखान्यासाठी गावानं सुट्टी बदलाची, असंच हाय नं?"

मला वाटलं होतं असा प्रश्न येईल आणि मी त्याला फिरवून उत्तर देईन. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"हो. माझ्या पोरीसाठीच मागून राह्यली. खोटं काऊन सांगू? पण तिच्या पायासाठी तुमच्या पोरांचा एक दिवस मी खाणार नाही. आज आठवड्यात पाच दिवस शाळा होते, मग सहा होईल."

"ऐतवारी पोट्टे कापूस येचाले लागते आमाले."

"बुधवारी न्या."

"बुधवारी बाजार राह्यते."

तेव्हा मागून एक बाई बोलली. त्या कास्तकारांच्या शेजारच्याच घरची, चार लेकरांची आई. "मंग बुधवारी पोट्टे बाजारात नाचाले जाते तं चालते, अन् ऐतवारी शाळेत गेले तं कापूस राह्यते? बाईले करू द्या नं. आमाले बी बुधवारी पोट्टी घरी पाह्यजे, लहाने सांभाळाले."

बाया हसल्या. पाटलांनी डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाले, "पाहू दोन महिने करून." मोठे कास्तकार उठून गेले.

पुढच्या रविवारी मी घंटा वाजवली. निम्मी पोरं आली, निम्मी बघायला आली आणि त्यांनाही मी आत बसवलं. तीन-चार रविवारांत वर्ग भरायला लागला. बुधवारी पहाटे चुलीवर पाणी तापवायचं, घमेल्यात पोरीचा पाय सोडून प्लास्टर भिजवायचं आणि पट्टी उलगडत काढायची. आदल्या रात्री काढून चालत नसे, पाय मोकळा राहिला की वळायला लागायचा. मग आत्याबाई, पोर आणि मी अंधारातच फाट्याकडे चालायला लागायचो. कंडक्टर आम्हाला ओळखायला लागला होता, पुढची सीट राखून ठेवायचा.

लेखी हुकूम नव्हता, ती तलवार माझ्या डोक्यावर टांगलेली होती. संक्रांतीनंतरच्या एका बुधवारी शिक्षणाधिकारी गावात आले आणि शाळेला कुलूप. दुसऱ्या दिवशी मला खुलाशाचा कागद आला. मी तो घेऊन सरळ त्यांच्यापुढं गेले.

"मेडम, मैं ने नहीं बोला था, फिर भी किये आप."

"हाँ सर, की. सजा देना है तो दो. लेकिन एक बार ऐतवार को आओ. फिर दो."

"मेरा भी तो छुट्टी रहता संडे को."

"मालूम है, सर."

ते आले. दोन रविवार सोडून तिसऱ्या रविवारी स्कूटरवर आले, अंगात घरचा शर्ट, कपाळावर आठ्या. पूर्ण वर्ग बसलेला. त्यांनी खुर्ची नाकारली, पोरांमध्ये खाली बसले, एकेकाला पाढे विचारले, फळ्यावर भागाकार घालायला लावले. त्यांना मराठी वाचता येत नव्हती, पण भागाकार कळत होता. एक पोर अडलं, दुसऱ्यानं खुणावलं, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. जाताना ओट्यावर थांबून म्हणाले, "लिख के मैं नहीं दे सकता. रोकता भी नहीं. कोई पूछा तो बोलना, लोकल हॉलिडे है." आणि आत्याबाईंच्या कडेवरच्या पोरीचा प्लास्टरचा पाय त्यांनी एका बोटानं हलकेच ठोकून पाहिला.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरला नेऊन टाचेमागची शीर मोकळी करायचं लहानसं ऑपरेशन झालं. सुट्टीतच झालं, ही डॉक्टरांची कृपा; मी त्यांना तारखांचं स्पष्ट सांगितलं होतं आणि त्यांनी तशी वेळ दिली. त्यानंतर पुन्हा प्लास्टर, आता ते घरी न भिजवता दवाखान्यातच काढायचं, आणि पावसाळा.

भर पावसाळ्यात एकदा आमच्या गावाचा आणि फाट्याचा संबंध तुटला. मधल्या नाल्याला पाणी. आत्याबाई काठावर उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, राहू द्या आजचा दिवस. मला खरंच तसं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "पाणी उतरून राह्यलं. थांब जरासं." आम्ही खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात पोरीचा पाय कमरेपर्यंत बांधला आणि काठावर बसून राहिलो. पाणी गुडघ्याखाली आलं तसं आत्याबाईंनी लुगडं खोचलं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि माझा हात धरून नाला उतरल्या. आमची बस गेली होती. एका लाकडाच्या ट्रकनं इंद्रवेल्लीपर्यंत नेलं, तिथून पुढं जीप. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर बॅग भरून दारात उभे होते. त्यांनी आमच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि प्लास्टरचं पाणी मागवलं. त्यांची नागपूरची बस चुकली असणार.

पुढं जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. बुधवारी शाळा नाही आणि बाई आदिलाबादला जातात, हे गावात सगळ्यांना माहीत झालं. एक दिवस फाट्यावर एक म्हातारा उभा, डोळ्याला पडदा आलेला. "तुमच्यासंगं येतो बाई, मले तिथं कोणी वळखत नाई." पुढच्या वेळी एक खोकणारा माणूस. मग बाया यायला लागल्या. आमच्या भागात बाईला दवाखान्यासाठी दिवस सापडत नाही. पेरणी झाली की निंदण, निंदण झालं की वेचणी, मग ज्वारीची सोंगणी. दुखणं ती पुढच्या कामानंतरसाठी ठेवत जाते. आता दिवस ठरलेला होता, सोबत ठरलेली होती, आणि कुठल्या खिडकीशी उभं राहायचं हे मला माहीत होतं. बाजाराच्या नावानं घरून निघता येत होतं, ते वेगळंच.

अशाच एका बुधवारी त्या मोठ्या कास्तकारांची बायको बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली. उटनूर मागं पडलं. मग पदर तोंडावर धरून सांगितलं, धाकट्याच्या बाळंतपणापासून तिचं अंग, गर्भाची पिशवी, बाहेर येत होतं. कापसाचं ओझं उचललं की जास्त. धाकटा मुलगा माझ्याकडे तिसरीत होता.

"इतके वर्षं?" मी विचारलं.

"येळ कधी होता बाई?"

"मालकांना माहीत आहे?"

"बाजाराले गेली म्हून माहीत हाय."

मी तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी तपासून सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, नंतर बरेच दिवस ओझं उचलायचं नाही, आणि नवऱ्याची सही लागेल. परत येताना ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी.

त्याच संध्याकाळी गेले. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी मला बसा म्हटलं, ते पहिल्यांदाच. मी उभी राहूनच सांगितलं. बाईनं बाईचं दुखणं परक्या पुरुषाला सांगायचं, मला लाज वाटत होती आणि त्यांना माझ्याहून जास्त.

"मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"आता सांगितलंय. वेचणी संपली की न्या."

"वेचणी संपाले होळी येते," ते म्हणाले. मला वाटलं, झालं, पुढं ढकललं. पण ते थांबून म्हणाले, "येत्या बुधवारी नेतो. येचाले मजूर लावतो." आणि नेलं. आमच्याच बसनं, आमच्या मागच्या सीटवर, पायाशी तिची पिशवी धरून बसले होते. ऑपरेशन चांगलं झालं. सुट्टीबद्दल ते माझ्याशी पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत, पण धाकटा रविवारी सगळ्यांच्या आधी शाळेत असायचा.

दोन वर्षांनी शिक्षणाधिकारी बदलले. नवीन साहेबांनी पहिल्याच महिन्यात फर्मावलं, हे चालणार नाही. मी पुन्हा बोलायची तयारी केली, पण माझ्यावर वेळ आली नाही. बाजाराच्या दिवशी गावच्या बाया त्यांच्या ऑफिसात जाऊन बसल्या, टोपल्या-पिशव्या समोर ठेवून. काय बोलल्या मला नीट कळलं नाही. बायांना तेलुगू येत नव्हती आणि साहेबांना मराठी. मात्र साहेबांकडून नंतर काही आलं नाही.

पोर दीड वर्षाची झाली तेव्हा उभी राहिली, दोनची होता होता चालली. आधी लोखंडी पट्टीचे बूट, मग साधे उंच बूट. भेटी पंधरा दिवसांनी, महिन्यानं, तीन महिन्यांनी अशा लांबत गेल्या. मी मात्र दर बुधवारी जातच राहिले, कुणी ना कुणी सोबत असायचंच.

ती पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला अनवाणी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं, पळवलं, टाचांवर उभं केलं. पोटरी जरा बारीक राहिली आणि पाऊल दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान. ते हात धुता धुता म्हणाले, "आता बूट नकोत. काही वाटलं तरच या."

"म्हणजे पुढच्या बुधवारी?"

"नाही. काही वाटलं तरच."

आम्ही बाहेर आलो. दुपारची उन्हं, बसला अजून वेळ. आत्याबाईंच्या हातात ते जुने बूट होते, काय करावं त्यांना कळेना. पोर म्हणाली, मला चप्पल पाहिजे. तिनं कधी चप्पल घातली नव्हती. बाजारपेठेतल्या एका दुकानात गेलो. एका पायाची चप्पल बसायची तर दुसऱ्याची सैल व्हायची, आणि दुकानदार जोड फोडायला तयार नव्हता. शेवटी मोठ्या मापाचा जोड घेतला. आत्याबाईंनी डाव्या चपलेला टाचेकडून पट्टा बांधायला सांगितलं, शेजारच्या मोच्याकडून बांधून घेतला.

बस स्टँडपर्यंत मी तिला उचलून घ्यायला वाकले, सवयीनं. तिनं माझा हात बाजूला केला.

"मी चालतो," ती म्हणाली, अगदी आजीच्या बोलीत, आणि आमच्या पुढं निघाली.